डेस्कटॉप सुरूच होत नाही? बाहेरून आत, फुकटाकडून खर्चाकडे

माझं डीटीपीचं काम कोकणातल्या घरातूनच चालतं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, सकाळी बटण दाबलं तर पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळाच. चार पत्रिका आत अडकलेल्या आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. तालुक्याच्या एका दुकानात कॅबिनेट नेऊन दिलं. संध्याकाळी निरोप आला, ‘मदरबोर्ड गेला. आता तसला बोर्ड मिळत नाही, प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागेल.’ आकडा ऐकून मी कॅबिनेट परत आणलं आणि रात्री जेवणं उरकल्यावर एकेक वायर तपासत बसले. बिघाड निघाला रीसेटच्या बटणात. ते प्लॅस्टिकचं एवढंसं बटण आत जाऊन अडकलं होतं, त्यामुळे मदरबोर्डला कुणीतरी सतत रीसेट दाबून धरल्यासारखं होत होतं. त्या बटणाची दोन तारांची बारीक पिन बोर्डावरून उपटली आणि पडद्यावर लोगो आला. तोच मदरबोर्ड पुढे चार वर्षं चालला.

तेव्हापासून ओळखीपाळखीचे बरेच बंद पडलेले संगणक उघडून पाहिले. त्यातून जो क्रम हाताला बसला, तोच इथे लिहिते. आधी जे बाहेरून तपासता येतं ते, मग जे उघडून पण फुकटात तपासता येतं ते, आणि पैसे खर्च करून बदलायचं ते सगळ्यात शेवटी.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडे सगळ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. दुकानात तसंच बोला, त्यांना कळतं. या लेखात मात्र डबा म्हणजे कॅबिनेट, सगळे भाग जिच्यावर जोडतात ती मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड किंवा नुसता बोर्ड, त्यावर उभी खोचलेली तात्पुरत्या स्मृतीची पट्टी म्हणजे रॅम, आणि मदरबोर्डवर कूलरच्या (थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या) खाली दडलेली चौकोनी चिप म्हणजे प्रोसेसर. घरातली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस.

आणि एक गोष्ट मनात पक्की धरा. तुमचे फोटो, हिशेब, फाइली हार्ड डिस्कमध्ये किंवा एसएसडीमध्ये असतात. मदरबोर्ड गेला, रॅम गेली, एसएमपीएस जळला, तरी बहुतेक वेळा डिस्क शाबूत असते. म्हणून घाबरून ‘फॉरमॅट मारा’ असं कुणाला सांगू नका.

काय काय हाताशी ठेवायचं

स्टारचा मध्यम स्क्रूड्रायव्हर, टोकाला चुंबक असलेला मिळाला तर उत्तम. रंगकामाचा कोरा, मऊ केसांचा एक इंची ब्रश. पांढरा मऊ खोडरबर. टॉर्च. स्क्रू ठेवायला वाटी. साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर काम दुप्पट सोपं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ते नसेल तर त्याच्या जागी सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन, सुगंध वगैरे असतं आणि त्याचा थर मागे राहतो.

कागदपत्रांमध्ये खरेदीचं बिल, सुट्या भागांचे वॉरंटीचे कागद आणि मदरबोर्डची पुस्तिका शोधून ठेवा. पुस्तिका हरवली असेल तर बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचून मोबाइलवर उतरवून घ्या. विंडोज ११ असेल तर आणखी एक वस्तू लागते, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. ४८ अंकांची ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती कागदावर लिहून घ्या. का ते पुढे पाचव्या पायरीत येतंच.

१. आधी लक्षण नीट बघा

‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत चार वेगवेगळे आजार असतात.

पहिला, बटण दाबल्यावर काहीच होत नाही. ना पंखा, ना दिवा. दुसरा, पंखे एखाद-दोन सेकंद फिरतात आणि बंद पडतात, कधी हेच पुन्हापुन्हा होत राहतं. तिसरा, पंखे फिरत राहतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. चौथा, कंपनीचा लोगो दिसतो, पण विंडोज उघडत नाही.

तुमचा कोणता ते वहीत लिहा. काल संध्याकाळी काय झालं होतं तेही लिहा. वीज गेली होती का, कडाडून पाऊस झाला का, नवी रॅम बसवली का, कॅबिनेट या टेबलावरून त्या टेबलावर सरकवलं का. मला बोलावणाऱ्यांपैकी निम्मेजण या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणतात आणि चहा होईपर्यंत आठवून सांगतात की फरशी पुसताना डबा जरा हलवला होता.

पहिल्या आजारासाठी पायरी २, ३ आणि मग ४. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी ३ आणि मग ५, तिसऱ्यात पायरी २ मधलं मॉनिटरचं तेवढं आधी बघा. चौथ्यासाठी थेट ६.

२. भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

सॉकेटमध्ये वीज आहे का ते टेस्टरवर ठरवू नका. सैल जोडणीतही टेस्टर उजळतो. तिथे टेबललॅम्प किंवा मिक्सर लावून बघा. मग स्पाइकबस्टर आणि यूपीएस दोन्ही बाजूला सारून पॉवर केबल थेट भिंतीत लावा. जुन्या यूपीएसची बॅटरी पार उतरली की काही यूपीएस भिंतीत वीज असूनही पुढे काही देत नाहीत, आणि आपण तासभर संगणकाशी झटत बसतो.

बहुतेक वेळा मॉनिटरची आणि कॅबिनेटची पॉवर केबल एकाच प्रकारची असते. अदलाबदल करून बघा. केबल कॅबिनेटच्या मागे शेवटपर्यंत आत दाबा. एसएमपीएसच्या मागे छोटं बटण असतं, त्याची उभी रेघ दाबलेली म्हणजे चालू, गोल दाबलेला म्हणजे बंद. साफसफाईत ते हमखास दाबलं जातं.

जुन्या एसएमपीएसवर मागे लाल रंगाची सरकपट्टी असते, ११५ आणि २३० अशी. आपल्याकडे ती कायम २३० वरच हवी. लहान मुलांनी ती ११५ वर सरकवली आणि बटण दाबलं तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो. मुलं असलेल्या घरात मी त्यावर चिकटपट्टी लावून टाकते.

मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागतो का बघा. ‘नो सिग्नल’ असं लिहून येत असेल तर मॉनिटर ठीक आहे, त्याला फक्त पलीकडून काही मिळत नाहीये. मॉनिटरच्या मेनूत जाऊन एचडीएमआय, व्हीजीए यांपैकी तुमची केबल जी आहे तीच निवडलेली आहे ना, तेही पाहा.

३. कॅबिनेट उघडणं, आणि उघडण्याआधीची काळजी

केबल भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. समोरून बघताना डाव्या बाजूचा पत्रा, मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवला की निघतो. कॅबिनेट आडवं झोपवा. काम फरशीवर किंवा लाकडी टेबलावर करा, सतरंजीवर नको. नायलॉनचे कपडे नकोत. आत हात घालण्याआधी दरवेळी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज चिपमध्ये न जाता पत्र्यात जाते.

इथे थोडं थांबून अर्थिंगबद्दल सांगते, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत हे फार आढळतं. संगणक चालू असताना अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, ते अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात. ती तार पुढे जमिनीत गेलेली नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर घरच्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येऊन बसतं. प्रवाह अगदी बारीक असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण त्याच अवस्थेत एचडीएमआय केबल किंवा पेनड्राइव्ह लावताना पोर्ट जळू शकतात. यावर उपाय संगणकात नाही, वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यायचं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारा अडॉप्टर तर कधीच वापरू नका.

उघडल्यावर काहीही काढण्याआधी मोबाइलने चार-पाच फोटो घ्या. कोणती वायर कुठे होती हे अर्ध्या तासात विसरायला होतं.

मग धूळ. ब्रशने हलक्या हाताने झाडा. पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरागरा फिरू देऊ नका. ओलं फडकं नाही, आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनरही बोर्डाजवळ नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. झाडताना टॉर्चने बघत राहा. मदरबोर्डवर छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा त्यातून तपकिरी काही ओघळलं असेल तर बिघाड तिथेच आहे असं बहुतेक समजा. जळका वास एसएमपीएसच्या जाळीजवळ येतो की बोर्डाजवळ, तेही हुंगून पाहा. कोकणात आणि घाटावरही पावसाळ्यात पाली उबेला आत शिरतात. एकदा एका शाळेच्या संगणकात एसएमपीएसच्या जाळीच्या आत सुकलेली पाल होती आणि तिच्या शेपटीजवळचा भाग काळा पडलेला होता. असा एसएमपीएस सरळ बदलायचा.

आता जोडण्या. मदरबोर्डच्या कडेला २४ पिनांचा रुंद प्लग असतो. त्याची खिटी दाबून तो बाहेर काढा आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. दुसरा, प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात, ४ किंवा ८ पिनांचा. तो बहुतेकांना माहीतच नसतो. प्रोसेसरची वीज तिथून येते, आणि तो सैल असेल तर पंखे फिरतात पण पुढे काही घडत नाही. ग्राफिक्स कार्डाला (मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या वेगळ्या कार्डाला) स्वतंत्र प्लग असेल तर तोही काढून बसवा. एवढं करून केबल लावून एकदा बटण दाबून बघा. बरेच संगणक इथेच सुरू होतात.

४. काहीच होत नाही: बटण की एसएमपीएस?

बऱ्याच बोर्डांवर भिंतीतून वीज आली की एक बारीक दिवा लागतो, संगणक बंद असला तरी. तो दिसत असेल तर एसएमपीएसचा एक भाग तरी जिवंत आहे. मग संशय घ्या पुढच्या बटणावर.

कॅबिनेटच्या पुढच्या भागातून पाच-सहा बारीक वायरी येऊन बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतात. प्रत्येकीवर नाव छापलेलं असतं, पॉवर स्विच, रीसेट स्विच, पॉवर एलईडी. कोणत्या दोन पिना पॉवरच्या आहेत ते पुस्तिकेत चित्रासह असतं. पॉवर आणि रीसेट, दोन्हींच्या वायरी काढून ठेवा. मग पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकाच वेळी क्षणभर स्पर्श करा. बटण दाबल्यावर जे होतं तेच इथे होतं. व्होल्टेज फार कमी असतं, शॉक बसत नाही, फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका. संगणक सुरू झाला तर बोर्ड ठीक, बटण खराब. नवं बटण येईपर्यंत रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावली की रीसेटच्या बटणाने संगणक सुरू होतो.

पिना जोडूनही काही झालं नाही तर एसएमपीएस. तपासायची पद्धत अशी. भिंतीतली केबल काढा. एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डावरून, डिस्कवरून, कार्डावरून काढा. २४ पिनांच्या प्लगमध्ये एकच हिरवी वायर असते, तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या. कागदाची यू-पिन वाकवून हिरवी आणि शेजारची काळी जोडा. हात दूर घ्या, मग केबल लावून मागचं बटण चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान सुरू होतोय.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा पिनांचं चित्र समोर असल्याशिवाय अंदाजाने यू-पिन घालू नका. काही महागड्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना मुद्दामच फिरत नाही. आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसात वापरायच्या तयार संगणकांत प्लगच वेगळा असतो, त्याला ही परीक्षा लागू नाही.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी तार काळ्या वायरीत आणि लाल तार एकेका रंगात लावा. पिवळ्या वायरीत ११.४ ते १२.६, लाल वायरीत ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी वायरीत ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत. जांभळ्या वायरीत संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत. तिथेच शून्य असेल तर एसएमपीएस मेला. पण मोकळ्या एसएमपीएसने आकडे बरोबर दाखवले म्हणून तो निर्दोष ठरत नाही, भार आल्यावर तो कोसळू शकतो. खात्री करायची तर शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणून लावून बघणं, याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज असते आणि केबल काढल्यावरही ती काही काळ टिकू शकते. तो दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्यावा. घेताना नुसते वॅट बघू नका. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला हलका एसएमपीएस हा माझ्या पाहण्यातला सगळ्यात महाग पडलेला भाग आहे. जाताना तो मदरबोर्ड किंवा डिस्कही घेऊन जातो.

५. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

बोलावणी येतात त्यात हाच आजार जास्त, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा केबल योग्य पोर्टात आहे का बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डातच लावायची, मदरबोर्डच्या पोर्टात नाही. उलटही घडतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्याच्यात ग्राफिक्स नसतात. त्याला कार्डाशिवाय डिस्प्ले येणारच नाही, मदरबोर्डला एचडीएमआय असलं तरी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतील तर कार्ड काढून, केबल बोर्डात लावून बघा. डिस्प्ले आला तर कार्ड किंवा त्याचा स्लॉट दोषी.

मग रीसेटची वायर काढून बघा. माझ्यासारखं तुमचंही नशीब निघेल.

आता रॅम. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो आणि संपर्क तुटतो. मी असं करते. केबल भिंतीतून काढते. स्लॉटच्या टोकाची खिटी बाहेर दाबली की रॅम स्वतःच वर येते. ती दोन्ही कडांना धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही. कोऱ्या कागदावर आडवी ठेवून पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसायच्या. पाच-सहा फेऱ्यांत फिकट पिवळा रंग चमकू लागतो आणि खोडरबरावर राखाडी डाग येतो. तो डाग म्हणजेच थर. दुसरी बाजूही तशीच. शाईचा खरखरीत खोडरबर मात्र वापरू नका, त्याने सोन्याचा मुलामा खरवडला जातो. खोडरबराचा सगळा चुरा ब्रशने झाडायचा, जमल्यास अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसून दोन मिनिटं वाळू द्यायचं. स्लॉटही कोरड्या ब्रशने झाडायचा. बसवताना रॅमची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखा दाब द्यायचा, खिटीचा आवाज येईपर्यंत. जोर लागतो, पण खाच जुळलेली असेल तर घाबरण्याचं कारण नाही. खाच जुळत नसेल तर ती रॅम त्या बोर्डाची नाहीच. डीडीआर ३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात.

दोन रॅम असतील तर एकावेळी एकच लावा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या रॅमची जागा प्रोसेसरपासून मोजताना दुसरी असते. पहिली रॅम त्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये, मग वेगळा स्लॉट. प्रत्येक वेळी वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही आणि महिन्याभराने पुन्हा तेच होईल.

डीडीआर ५ रॅम नवीन बसवली असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

बोर्ड काय सांगतोय तेही ऐका. नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं) असे चार छोटे दिवे असतात. ज्याच्यावर दिवा अडून राहिला, तिथे शोधा. जुन्या बोर्डांवर बीप येतात. किती बीप म्हणजे काय, हे बोर्डाच्या बायोसनुसार (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या प्रोग्रामनुसार) बदलतं, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता पुस्तिकेतला तक्ता बघा. बीप ऐकू येत नसेल तर बोर्डाला लावायचा बटणाएवढा स्पीकर अगदी स्वस्तात मिळतो. एक उपयोगी परीक्षा करता येते: सगळ्या रॅम काढून बटण दाबा. बीप आले किंवा रॅमचा दिवा लागला, तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर बऱ्यापैकी जिवंत आहेत.

पुढे सेल. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. संगणकाची तारीख-वेळ मागे जात होती असं आठवत असेल तर हा सेल उतरलाय. काही बोर्ड उतरलेल्या सेलवर अडून बसतात. केबल काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत जातात आणि चुकीच्या सेटिंगमुळे अडलेला बोर्ड सुटतो.

पण थांबा, इथेच बिटलॉकर. विंडोज ११ च्या बऱ्याच संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बायोस मूळ स्थितीत गेला की विंडोज उघडताना ती ४८ अंकी किल्ली मागू शकतं. किल्ली नसेल तर डेटा कुणालाच काढता येत नाही, दुकानदारालाही नाही. म्हणून किल्ली हातात आल्याशिवाय सेलला हात लावू नका. शिवाय बायोसमधली डिस्कची सेटिंग एएचसीआय होती की रेड (डिस्क चालवायच्या दोन पद्धती), हेही बदललेलं असू शकतं. सेल काढल्यावर विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं तर बायोसमध्ये जाऊन ती आधीची सेटिंग परत निवडा.

पंखे क्षणभर फिरून बंद पडत असतील तर हेच सगळं, अधिक दोन गोष्टी. कूलरची चारही टोकं बोर्डाला घट्ट आहेत ना आणि त्याचा पंखा फिरतो ना ते पाहा, आणि बोर्डाच्या खाली किंवा वर सुटा स्क्रू पडून शॉर्ट होत नाही ना तेही. त्यानंतर बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम एवढंच ठेवून बाकी सगळं काढा, यूएसबीवरची प्रत्येक वस्तूसुद्धा. तेवढ्यावर सुरू झालं तर एकेक भाग परत जोडत जा. ज्या भागाशी बंद पडेल, तो दोषी. तुटलेल्या यूएसबी पोर्टमधल्या वाकड्या पिनांनीही अख्खा संगणक बंद पडलेला मी पाहिलाय.

६. लोगो येतो, विंडोज येत नाही

सगळे पेनड्राइव्ह आणि कार्डं काढून एकदा सुरू करा. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश कितीदा तरी विसरलेल्या पेनड्राइव्हमुळे येतो.

तरीही तेच, तर लोगोच्या वेळी डिलीट किंवा एफ २ दाबत राहून बायोसमध्ये जा. तिथे तुमच्या डिस्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर डिस्कची पॉवरची आणि डेटाची केबल काढून बसवा, शक्य तर दुसऱ्या पोर्टात, दुसऱ्या केबलने. दिसत असेल तर बूटच्या क्रमात ती पहिली आहे का बघा.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून ‘टक्... टक्... टक्’ असा ठरावीक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. पुन्हा सुरू करून बघू नका. दर वेळी सुरू केल्याने आतली चकती आणखी खरवडू शकते. त्यात खरोखर मोलाचं काही असेल तर ती डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच जायला हवी.

आवाज नसेल आणि डिस्क दिसत असेल, तर आधी फाइली बाहेर काढा, दुरुस्ती नंतर. लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा) बूट होणारा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू करता येतो आणि डिस्कमधल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. बिटलॉकर असेल तर इथेही किल्ली लागेल. किंवा डिस्क काढून यूएसबी अडॉप्टरने दुसऱ्या संगणकाला लावा. डिस्कची शंका असताना चेकडिस्क (डिस्क तपासणारा विंडोजचा प्रोग्राम) चालवणं मी टाळते, कमकुवत डिस्कवर तो तासन्‌तास ताण देतो.

फाइली हाती आल्या की मग विंडोजची दुरुस्ती. सुरू होता होता दोन-तीनदा अडलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. त्यात स्टार्टअप रिपेअर आधी, मग शेवटचं अपडेट काढून टाकणं, मग सिस्टिम रीस्टोअर. ‘रीसेट धिस पीसी’ सगळ्यात शेवटी. तो पडदाच येत नसेल तर ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने विंडोज उतरवून त्यावरून सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’च्या ऐवजी ‘रिपेअर’ निवडा.

७. कुठे हात आखडायचा, आणि दुकानात जाताना

प्रोसेसर काढण्याची वेळ फार क्वचित येते. काढावाच लागला तर जपून. एएमडीच्या एएम ४ प्रकारात पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपामुळे) कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. संगणक सुरू होत असेल तर तो आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून केबल काढा आणि कूलर सरळ न ओढता थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात आणि बोटाच्या नुसत्या स्पर्शाने वाकतात. कूलर काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

वरचं सगळं करूनही डिस्प्ले नसेल, दुसऱ्याचा एसएमपीएस आणि दुसऱ्याची रॅम लावूनही नसेल, तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. दोघांत मदरबोर्डचीच शक्यता जास्त. तेव्हा दुकान गाठा. आधी बिल बघा, पेटीबंद घेतलेल्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते. वॉरंटी संपलेला बोर्ड ‘चिप लेव्हल’ दुरुस्ती करणाऱ्याला आधी दाखवा. फुगलेले कपॅसिटर बदलून बोर्ड उभे राहतात. जुना बोर्ड नवा मिळत नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेले बोर्ड मिळतात. मात्र तो दुकानातच तुमचा प्रोसेसर आणि रॅम लावून सुरू करून दाखवायला सांगा.

दुकानात ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. वही दाखवा: पंखे फिरतात, बीप नाहीत, दोन्ही रॅम वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहिल्या, दुसरा एसएमपीएस लावला, पिवळ्या वायरीत १२.१ व्होल्ट येतात. असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला अंदाजाने उत्तर द्यायला कुणी धजत नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा.

कॅबिनेट देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवा. बोर्ड, रॅम, एसएमपीएस तपासायला तिची गरज नसते. ‘डिस्कशिवाय दिला’ असं पावतीवर लिहून घ्या, आणि पावतीवर रॅम, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांचे सीरियल नंबरही. फोटो तुमच्याकडे आहेतच, ते समोर धरून नंबर एकेक करून वाचून दाखवा आणि मगच पावतीवर सही करा.